शाहबानोचे १७९ रुपये २० पैसे

पोटगीचा विषय निघाला की कुणीतरी शाहबानोचं नाव काढतं आणि बोलणं धर्मावर जातं. आज त्या बाईचंच सांगते.

शाहबानो इंदूरची. १९३२ साली लग्न झालं, पुढं पाच मुलं. नवरा वकील. १९७५ मध्ये त्यानं घराबाहेर काढलं, तेव्हा ती साठीच्या आसपास होती. पोटगी मागितली तर तलाक दिला. खालच्या कोर्टानं महिन्याला २५ रुपये लावले. पंचवीस! हायकोर्टानं ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला हरला.

इथवर ही एका म्हातारीच्या भाकरीची गोष्ट होती. मग संघटना उतरल्या. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड म्हणालं, हा शरियतवर घाला आहे. हिंदुत्ववादी संघटना म्हणाल्या, यांना वेगळा कायदा कशाला? मोर्चे, सभा, पत्रकं. ज्याचा आवाज मोठा त्याची बातमी मोठी, आणि बघता बघता भांडण दोन धर्मांचं झालं. त्याच नोव्हेंबरात शाहबानोनं पत्रकावर अंगठा उठवून निकाल नको म्हटलं. तिच्यावर केवढं दडपण आलं असेल, तुम्हीच विचार करा. १९८६ मध्ये संसदेनं वेगळा कायदा केला.

संघटना वाईट, असं मी म्हणत नाही. आपले गट तरी काय आहेत? हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ तलाकपीडित बायांच्या बाजूनं उभं राहिलं. पण शाहबानो म्हटलं की त्यांची आठवण किती जणांना होते? म्हणून अशी बातमी लागली की मी आधी बघते, ज्या बाईचं भांडण आहे ती स्वतः यात कुठं बोलतेय का.

पोटगीची वाट मात्र बंद झाली नाही. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या कायद्याचा अर्थ बाईच्या बाजूनं लावला. जुलै २०२४ मध्ये सांगितलं, की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही सगळ्यांसाठीच्या कायद्यानं पोटगी मागता येते. आता ते कलम १४४ आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं. आपण राहतो तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला तिथं वकील फुकट मिळतो.