वर्गाबाहेरची आळंदी



आळंदीत एक वेगळी शाळा आहे.
वारकरी शिक्षण संस्था.
जोग महाराजांनी ती १९१७ साली सुरू केली.

इथं ज्ञानेश्वरी शिकवतात. गाथा शिकवतात.
पाठांतर कडक!
पण मला विचाराल,
तर खरं शिक्षण वर्गाबाहेर होतं.

विद्यार्थ्यांनी माधुकरी मागायची, ही तिथली जुनी रीत.
खांद्याला झोळी.
परक्या दारात उभं राहायचं.
मिळेल ती भाकरी घ्यायची.
कुणी 'पुढे जा' म्हणालं,
तरी रागवायचं नाही.
हे पाठ करून येत नाही हो.

ही नम्रता येते, ती वर्गाबाहेरच.

ती अनुभवायला आषाढी वारीत तुम्हीही चार पावलं चालून बघा.
एखाद्या वारकऱ्याच्या पाया पडा.
तोही वाकून तुमच्या पाया पडेल.
मग तुम्ही वयानं कितीही लहान असा.