संकल्पाला मुदत हवी



इच्छा पुष्कळांना असते. ती तडीस जाते नियोजनाने. वाकोदचे भवरलालजी जैन यांनी सरकारी नोकरी नाकारून ७ हजार रुपयांच्या भांडवलावर जळगावात व्यापार आरंभिला. १९७८ साली केळी भुकटीचा बंद कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन सिद्ध केले. मार्ग बदलला, शेतीशी नाते सोडले नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखविले, की ‘केव्हा, कोठे, कसे’ हे आधी ठरविल्यास संकल्प अधिक टिकतो. आपले पच्चक्खाण हेच शिकविते. नवकारसीची मुदत सूर्योदयापासून ४८ मिनिटे. मर्यादा स्पष्ट, म्हणून पालन सुकर. ‘उद्यापासून’ म्हणणाऱ्याचा उद्या उगवतच नाही. लहान, मोजता येणारा एक नियम प्रत्येकाने आजच घ्यावा.

जय जिनेंद्र!