आईन-ए-अकबरी: कारभाराची नोंद आणि रयत

अकबराचा अधिकृत इतिहास म्हणजे अबुल फझलचा ‘अकबरनामा’. त्याचाच तिसरा भाग ‘आईन-ए-अकबरी’. यात लढायांपेक्षा कारभार जास्त आहे: टाकसाळ, हत्तीखाना, घोड्यांना डाग देण्याची पद्धत, सुभ्यांचा महसूल. शाही मुदपाकखान्यातल्या खिचडीचं मापसुद्धा आहे. तांदूळ, डाळ आणि तूप, प्रत्येकी ५ शेर! गहू मणाला १२ दाम, आणि रुपयाचे दाम ४०. आपला वऱ्हाडचा सुभाही त्यात आहे, नरनाळा आणि गाविलगडासकट.

१५८० च्या सुमारास दहा वर्षांच्या पिकांची आणि बाजारभावांची सरासरी काढून शेतसाऱ्याचे रोख दर बांधले गेले. त्याची कोष्टकं ‘आईन’मध्ये सापडतात, आणि इतका तपशील हाती असणं हे अभ्यासकांचं भाग्यच.

पण सुभ्यापुढे लिहिलेली रक्कम ही आकारणी आहे. प्रत्यक्ष वसूल किती झाला, हे त्यावरून कळत नाही. शिवाय अबुल फझलच्या लेखी बादशहा कधी चुकतच नाही. म्हणून त्याच दरबारातला बदायुनी शेजारी ठेवून वाचावा. त्याने गुपचूप लिहिलेला इतिहास अकबराच्या मृत्यूनंतरच उजेडात आला. बदायुनीच्या मनात आकस होता, हे खरं. तरीही करोडी नावाच्या अंमलदारांच्या जाचापायी रयतेला बायकापोरं विकावी लागली, हे त्यानेच लिहून ठेवलं. ‘आईन’च्या कोष्टकांत ही माणसं कुठेच दिसत नाहीत.