कोपऱ्यावरचा माणूस

कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्या गड्याचं नाव लोकांच्या तोंडी दोनच वेळा येतं. चढाईला आलेल्याचा पाय त्यानं पकडला तर, नाहीतर पकडलेला पाय त्याच्या हातून सुटला तर. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येही असा एक कोपऱ्यावरचा खेळाडू असतो. त्याला कॉर्नरबॅक म्हणतात. श्रोतेहो, आज मला अशाच एका खेळाडूविषयी आणि त्याच्यावरून भांडणाऱ्या माणसांविषयी थोडं बोलायचं आहे.

माझा भाचा फिलाडेल्फियाजवळ राहतो. २०२३च्या फेब्रुवारीत मी त्याच्याकडे होतो. तिथला फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लंबगोल, बहुतेक काम हातांनी, आणि दोन्हीकडचे अकरा-अकरा गडी हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणार. मला तर ती सरळ मारामारीच वाटली. मग भाच्यानं टीव्हीवरच्या एका खेळाडूवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मामू, तुम्ही फक्त याच्याकडे बघा."

कॉर्नरबॅकचं काम ऐकायला सोपं आहे. समोरच्या संघाचा रिसीव्हर धावत जाऊन चेंडू झेलू पाहतो, त्याला तो झेलू द्यायचा नाही. पण कुठं धावायचं, केव्हा वळायचं हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असतं. कॉर्नरबॅकला ते त्याच्या हालचालीवरून ओळखावं लागतं, तेही बऱ्याचदा उलट्या पावलांनी मागं पळत. सुरुवातीच्या पाच यार्डांत थोडा धक्का चालतो, पण धरून ठेवणं, ओढणं कुठंच चालत नाही. काम चोख झालं तर चेंडू त्याच्या बाजूला फारसा फेकलाच जात नाही आणि तो कुणाला दिसतही नाही. चुकला, की साऱ्या स्टेडियमसमोर एकटा उघडा पडतो.

फिलाडेल्फिया ईगल्सकडे तेव्हा जेम्स ब्रॅडबेरी नावाचा कॉर्नरबॅक होता. पैशांचा मेळ बसेना म्हणून न्यूयॉर्क जायंट्सनं २०२२मध्ये त्याला सोडलं, ईगल्सनं घेतलं, आणि त्याच हंगामात तो लीगमधल्या उत्तम कॉर्नरबॅकमध्ये गणला गेला.

१२ फेब्रुवारी २०२३. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. समोर कॅन्सस सिटी चीफ्स. भाच्याच्या दिवाणखान्यात पंधरावीस माणसं. कुणी मिरजेचं, कुणी नागपूरचं, दोन-तीन तिथलेच शेजारी. दोनेक मिनिटं उरली होती आणि गुण ३५-३५. चीफ्सचा एक पास हुकला. घरात एकच ओरडा झाला. तेवढ्यात पंचाचा पिवळा रुमाल मैदानावर पडलेला दिसला. ब्रॅडबेरीनं जूजू स्मिथ-शूस्टर या रिसीव्हरला धरलं होतं. त्या दंडानं चीफ्सना नव्यानं संधी मिळाली. त्यांनी घड्याळ संपवत आणलं आणि आठ सेकंद उरली असताना चेंडू लाथेनं खांबांमधून धाडून तीन गुण घेतले. ३८-३५.

मग जे भांडण जुंपलं ते रात्री उशिरापर्यंत. निम्मे म्हणत होते, "एवढंसं ओढलं तर काय झालं? पंचांनी सामना घालवला." निम्मे म्हणत होते, "ब्रॅडबेरीनं घालवला." माझी भाचेसून तेवढी म्हणाली, "मध्यंतराला आपण २४-१४ पुढं होतो. आपल्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटला आणि त्यावर त्यांनी टचडाऊन केलं. शेवटच्या भागात त्यांचा माणूस पंट झेलून ६५ यार्ड पळत गेला. ते कुणाच्या खात्यावर मांडायचं?" कुणी ऐकलं नाही. शेवटच्या चुकीला नाव-गाव असतं, आधीच्या चुका सगळ्यांच्या मिळून असतात.

थोड्या वेळानं ब्रॅडबेरीचं बोलणं टीव्हीवर आलं. सबबी तयार होत्या, अर्धं शहर त्याच्यासाठी पंचांना शिव्या देत होतं. तो सरळ म्हणाला, की ते धरणंच होतं, मी त्याची जर्सी ओढली, पंच सोडून देतील अशी आशा होती. दिवाणखाना गप्प झाला. त्याची बाजू घेणाऱ्यांच्या पायाखालचा पाट त्यानंच काढून घेतला होता.

पुढच्या हंगामासाठी ईगल्सनं त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. पहिल्या अकरापैकी दहा सामने संघानं जिंकले. त्यानंतरच्या सातांत, बाद फेरीचा धरून, जिंकला तो एक. १८ डिसेंबरला सिॲटलमध्ये २८ सेकंद उरली असताना ब्रॅडबेरीच्या डोक्यावरून पास गेला, टचडाऊन झालं आणि सामना २०-१७नं गेला. तो तेव्हा तीस वर्षांचा होता. भाच्याचा फोन आला, "मामू, हा संपला." मी इथं खुर्चीत बसून म्हणालो, "मग काढून टाका." दुसरी बाजूही होती. पुढची फळी क्वार्टरबॅकला वेळेवर गाठत नसेल तर कॉर्नरबॅकनं किती वेळ मागं पळायचं? बचावाची सूत्रंही हंगामाच्या मध्येच दुसऱ्याकडे दिली होती. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. आणि त्याचा वेग कमी झाला होता, हेही खरं होतं.

याच सुमारास एका संपादकांनी माझ्या कविता परत पाठवल्या. सोबत एकच ओळ, की यात तुमची पूर्वीची धार दिसत नाही. तीन आठवडे मी घरात धुसफुसत होतो. आता कविता कळते कुणाला, इथपासून ते संपादकांच्या वयापर्यंत सगळं काढून झालं. बायको ऐकून घेत होती. एका सकाळी तिनं विचारलं, "पण आहे का धार?" मी कागद पुन्हा काढले. नव्हती. जुन्या कवितांचीच जर्सी ओढत मी पळत होतो, कुणाच्या लक्षात येणार नाही या आशेनं. आपलं पाऊल मंदावलंय हे पन्नाशीनंतर मला चहाच्या टेबलावर कबूल करता येईना. त्यानं ते हरलेल्या रात्री, कॅमेऱ्यांसमोर केलं होतं. आणि मी त्याला 'काढून टाका' म्हणालो होतो.

२०२४मध्ये ईगल्सनं दोन तरुण कॉर्नरबॅक घेतले. ब्रॅडबेरीला सेफ्टीच्या जागेवर हलवलं, आणि हंगाम सुरू होण्याआधीच तो जखमी झाला. ९ फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सनं त्याच चीफ्सना ४०-२२ हरवलं. कूपर डीजीन या नव्या कॉर्नरबॅकनं आपल्या बाविसाव्या वाढदिवशी चेंडू मधल्यामधे टिपून टचडाऊन केलं. पुढच्याच महिन्यात ब्रॅडबेरीला मोकळं करण्यात आलं. खेळाच्या हिशेबानं निर्णय बरोबरच होता.

खेळाडूचा वेग मोजण्याचा, कवितेची धार तपासण्याचा हक्क प्रेक्षकाला आणि वाचकाला जरूर आहे. 'आज याचा खेळ वाईट झाला' हे म्हणावंच. पण त्या वाक्यातून 'हा माणूसच वाईट' इथपर्यंत आपण फार चटकन पोहोचतो.

मी त्या संपादकांना लिहिलं, की तुमचं म्हणणं बरोबर होतं. वर्षभरानं नऊ नव्या कविता पाठवल्या. त्यांनी तीन ठेवल्या, सहा परत केल्या. या वेळी मी धुसफुसलो नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)