परदेशी वाद्य आणि कोकणातला पाऊस



मागच्या आषाढात खेडला, भरणे नाक्याजवळच्या एका घरात, मी एक खोके उघडताना पाहिले. बाहेर पाऊस कोसळत होता, जगबुडी नदीला पूर आला होता आणि घरातली सगळी माणसे त्या खोक्याभोवती गोळा झाली होती. त्या घरातला मुलगा लहानपणी माझ्याकडे पेटी शिकायचा. आता तो लोट्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. दीड वर्ष पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्याने जर्मनीतल्या एका दुकानातून इंटरनेटवर गिटार मागवली होती. खोक्यातून पेटारी निघाली, पेटारीतून गिटार निघाली आणि नव्या लाकडाचा वास घरभर झाला. मुलाच्या आईने आधी देवापुढे दिवा लावला. मग त्याने पहिला झंकार काढला. इतका मोकळा, इतका खोल सूर मी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

तीन आठवड्यांनी तो गिटार घेऊन माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. तारा पट्टीपासून इतक्या वर उचलल्या गेल्या होत्या की दाबता दाबता बोटांना वळ उठत होते. घोडीच्या मागे लाकडाला पोट आले होते. तळहात फिरवला तरी फुगवटा कळत होता. दुकानाने फसवले म्हणावे, तर तसे काही नव्हते. वाद्य उत्तम होते. अशा भरीव लाकडाच्या गिटारला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के दमटपणा मानवतो, असे तिचे कारागीरच सांगतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात तो नव्वदीच्या घरात जातो. लाकूड पाणी प्यायले आणि फुगले, दुसरे काय?

आज मला याच विषयावर बोलायचे आहे. परदेशातून वाद्य मागवणे आता खेडसारख्या गावातही अवघड राहिलेले नाही. मोबाइलवर चित्र पाहा, पैसे भरा, खोके दारात. मुले विचारायला येतात तेव्हा मी त्यांना कधीच नको म्हणत नाही. फक्त एक प्रश्न विचारतो: हे बिघडले तर इथे उघडणार कोण?

पैशांचा हिशेब आधी सांगून टाकतो, कारण त्यात पुष्कळ जण अडकतात. पडद्यावर दिसते ती वाद्याची किंमत. सीमाशुल्क बसते ते किंमत, वाहतुकीचे भाडे आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर. ते शुल्क धरून जी रक्कम होते तिच्यावर जीएसटी. वर कुरियर कंपनीचे वेगळे पैसे. नातेवाइकाने भेट म्हणून पाठवले तर शुल्क लागत नाही, असे अजून अनेक जण धरून चालतात. आपल्याकडची पुष्कळ घरे आखाताशी जोडलेली, म्हणून मुद्दाम सांगतो: भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. शुल्क भरा असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर लगेच पैसे भरू नका. कुरियरच्या स्वतःच्या साइटवर आपला पार्सल नंबर घालून खात्री करा आणि भरलेल्या शुल्काची पावती मागून घ्या. कीबोर्ड असेल तर अ‍ॅडॉप्टरवरचे बारीक अक्षर वाचा. जपानची वीज शंभर व्होल्टची, अमेरिकेची एकशेवीसची, आपली दोनशेतीसची. तिकडच्या विजेपुरता बनवलेला अ‍ॅडॉप्टर इथे लावला तर क्षणात जळतो. आणि वाद्य परत पाठवायचे झाले तर बहुतेक वेळा भाडे आपल्याच खिशातून जाते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परदेशी वाद्य कोकणाला नवे नाही. आपल्या प्रत्येक वाडीत भजनाला जी पेटी लागते, ती जन्माने पॅरिसची. १८४० च्या दशकात अलेक्झांडर डेबेन यांनी तिथे हार्मोनियम घडवला. तो खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायचा. आपण तर मांडी घालून बसणारी माणसे. १८७५ मध्ये कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी त्याचा भाता मागे घेतला, हाताने चालणारा केला आणि पेटी जमिनीवर आली. तिथून ती नाटकात शिरली, कीर्तनात शिरली. गोविंदराव टेंब्यांच्या हातात ती गाऊ लागली. तिला नावे ठेवणारेही होतेच. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. ज्या माध्यमातून मी आज पेटीबद्दल बोलतो आहे, त्याचाच हा इतिहास आहे. तेवढी तीस वर्षे आपल्या देवळांत पेटी एक दिवस थांबली नाही. कारण ती कुठेही दुरुस्त होत होती. भात्याचे कापड फाटले, चिकटवले. रीड बसली, घासून सुरात आणली. रीड आता गुजरातेत पालिताण्याला बनतात. खर्ज, नर, मादी हे शब्दही आपण तिला दिले.

आणि गणपतीत, लग्नात आपल्याकडे वाजतो तो बेंजो? टाइपरायटरसारख्या कळा असलेले ते वाद्य जपानचे. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये नागोयाला ते पहिल्यांदा केले. तिथे त्याचे नाव ताइशोगोतो. आज बेंजो पार्टी म्हटली की मुंबई आणि कोकण डोळ्यांसमोर येते, जपान कोणाला आठवतही नाही.

जपानचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १८८७ मध्ये हामामात्सू गावातल्या एका शाळेतला परदेशी रीड ऑर्गन बिघडला. घड्याळे आणि दवाखान्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला बोलावले. त्याने ऑर्गन उघडला, आत काय आहे ते समजून घेतले आणि मग स्वतःच तसा बनवायला घेतला. त्याचे नाव तोराकुसू यामाहा. आपल्या मुलांच्या कीबोर्डवर तेच नाव असते.

त्या मुलाची गिटार आम्ही पलीकडच्या वाडीतल्या एका काकांकडे नेली. ते सुतार, आणि पेट्या दुरुस्त करतात. नमनाला मृदंगही तेच वाजवतात. पावसात मृदंगाचे चामडे सैल पडते, तेव्हा ते निखाऱ्याजवळ कसे आणि किती धरायचे हे त्यांना हाताने कळते. गिटार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. पाठीवर टिचकी मारून ऐकले, घोडीमागे अंगठा दाबला आणि म्हणाले, "लाकूड पाणी प्यायलंय. घाई करू नको, हळूहळू सुकू दे." तारा सैल करायला लावल्या. लाकडी कपाटात तळाला शून्याचा दिवा, ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि गिटार पेटारीत न घालता उभी. दिवा दिवसातून दोन तास, जास्त नाही. जास्त तापले तर डिंक सुटेल.

श्रावण संपेपर्यंत पोट बरेच उतरले. मानेतला लोखंडी दांडा कसा फिरवायचा हे मुलाने व्हिडिओ पाहून शिकून घेतले. काका शेजारी बसून प्रत्येक वेळी त्याचा हात धरायचे. पाव वळसा, मग एक दिवस थांबायचे, मग पुन्हा पाव वळसा. गणपतीत त्याने ती भजनात पेटीशेजारी बसून वाजवली.

आता तो दर रविवारी काकांकडे जातो. गेल्या रविवारी मी डोकावलो, तेव्हा दोघांच्या मध्ये कोणाच्या तरी आजोबांची जुनी पेटी उघडी पडली होती. रीडबोर्डवर झिजलेली परदेशी अक्षरे होती. काकांनी एक पितळी रीड काढून त्याच्या हातात दिली आणि सांगितले, जिभेखालून कागद घाल, मग घास. टोकाकडे घासलेस तर सूर चढेल, मुळाकडे घासलेस तर उतरेल. त्याने कानाशी धरून रीड फुंकली, मान हलवली आणि पुन्हा कानस उचलली.