पहाऱ्याच्या गल्लीपुरते
दहशतवादी हल्ल्यानंतर नेहमीची गुन्हेगारी वाढते की घटते, या प्रश्नावर ब्युनोस आयर्स शहराने मोठ्या दुःखातून प्रकाश टाकला. १८ जुलै १९९४ रोजी तेथील ज्यू समाजकेंद्रातील बॉम्बस्फोटात ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि ज्यू संस्थांसमोर अहोरात्र पोलीस पहारा बसला. हा पहारा चोऱ्यांमुळे नव्हे, तर हल्ल्याच्या भीतीने बसला असल्यामुळे पोलिसांच्या उपस्थितीचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढता आला; अशा आपोआप घडून आलेल्या तुलनेला संशोधक ‘नैसर्गिक प्रयोग’ म्हणतात. दी तेला आणि शार्ग्रोद्स्की या अर्थशास्त्रज्ञांना पहाऱ्याच्या गल्लीत मोटारचोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या. मात्र, आणि हेच अधिक विचारात टाकणारे आहे, एकदोन गल्ल्या पलीकडे त्या धाकाचा मागमूसही नव्हता.