तार, केबल आणि अर्थ



शब्दांवर बोलण्याचा अधिकार पंडितांचा. आम्ही अक्षरे गिरवली ती कारखान्याच्या फाटकाबाहेर, संघटनेची पत्रके लिहिता लिहिता. पण १९५८ साली छाब्रिया बंधूंनी सुरू केलेला फिनोलेक्सचा केबलचा धंदा ज्या पिंपरीत वाढला, त्या पिंपरीत एक शब्द किती महाग पडू शकतो हे आम्ही पाहिले आहे. तेवढेच सांगावयाचे आहे.

'तार' घ्या. ती पाकाला येते, तंबोऱ्याला चढते, आणि गुत्त्यातून परतणारा माणूस तारेत असतो. पूर्वी दारात 'तार!' अशी हाक आली की, वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. ती तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी शेवटची चालली, शब्द राहिला. 'तारांबळ' मात्र या कुळातली नव्हे. लग्नमुहूर्ताच्या 'ताराबला'शी आणि त्या वेळच्या धांदलीशी तिचे नाते सांगतात.

'केबल'चे मूळ लॅटिनमध्ये. अर्थ, जनावर धरण्याची दोरी. पुढे ती गलबताचा दोरखंड झाली, आणि १८७० साली समुद्रतळातून मुंबई सुएझशी जोडली गेली तेव्हा संदेश वाहू लागली. चाकणच्या मोटारधंद्यात तारांच्या जुडग्याला 'हार्नेस' म्हणतात. इंग्रजीत घोड्याच्या साजालाही हाच शब्द. म्हणजे चाकणच्या बाजारात बैल विकणारा बाप आणि कारखान्यात गेलेला त्याचा मुलगा, दोघांच्या हाती अजून दावेच आहे!

आता 'अर्थ'. यंत्राच्या आतील तारेचे वेष्टन फाटले की लोखंडी अंगात वीज उतरते. जमिनीत गेलेली तार तिला वाट देते, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. या तारेला कामगार 'अर्थ' म्हणतात. एका कारखान्यात कंत्राटी पोराने नोंदवहीत लिहिले, "तीन नंबरच्या यंत्राला अर्थ नाही." कचेरीतला बाबू हसला. यंत्र निरर्थक आहे, असे वाचून त्याने पान उलटले. तिसऱ्या दिवशी त्याच पोराला झटका बसला. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटे गेली.

पोराचे मराठी चुकले नव्हते. बाबूने विचारावयास हवे होते, "म्हणजे काय रे?" एवढ्या दोन-तीन शब्दांची ती बोटे होती.

१९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने बजावले होते की, नोकरीचे नियम बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही फाटकाजवळ लावावेत. आम्ही म्हणतो, वरून खाली जाणाऱ्या शब्दाला जशी ही काळजी, तशीच खालून वर येणाऱ्या शब्दालाही हवी. आज आमच्या पट्ट्यात बिहार-ओडिशाची मुले राबतात. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत ऐकावी, न कळल्यास पुन्हा विचारावी. तार दोन्ही टोकांना जोडलेली असेल, तरच तिच्यातून काही वाहते.